चिठ्ठ्या काढणे

बुधवारी सकाळी मी पंपघराचं कुलूप उघडलं तेव्हा माझी लेक गुंडी कडेवर होती. तिचा ताप उतरून दोनच दिवस झाले होते आणि अंग अजून हलकं लागत होतं, कुणी पावशेर काढून घेतल्यासारखं. आठ दिवसांनी कामावर आले होते. इतकं बरं वाटत होतं की तिच्या कानात काहीतरी गुणगुणत मी दिवे लावले. मग सातवा खण ओढला आणि गुणगुणणं तिथंच थांबलं.

खण सुंदर दिसत होता. हे आधीच सांगायला हवं. काळी मखमल, तिच्यावर ओळीनं शिंपले, लहानमोठे लावलेले, पुसून चकचकीत केलेले. सोनाराच्या दुकानात असावेत तसे. आणि एकाही शिंपल्याखाली चिठ्ठी नव्हती. आठवा ओढला. नववा ओढला. पंधराव्यापर्यंत तेच, आणि गुंडी मात्र प्रत्येक खण उघडला की टाळी वाजवत होती.

पंपघर नदीकाठी आहे. एकेकाळी तिथून सगळ्या शहराला पाणी जायचं. पंप गेले, हातभर जाडीच्या भिंती, उंच खिडक्या आणि जमिनीतले मोठाले बोल्ट राहिले. आम्ही पाचसहा जणांनी ती जागा मागून घेतली आणि तीन वर्षं खपून तिथं निसर्ग संग्रहालय उभं केलं. पुढच्या दालनात घरटी, बिया, किडे, दगड. सगळं लोकांनी घरातून आणून दिलेलं. मागच्या खोलीत अभ्यास केंद्र. केंद्र म्हणजे काय, तर एक मोरी, दोन सूक्ष्मदर्शकं आणि मी. बाळंतपणात माझं विद्यापीठातलं काम सुटलं ते सुटलंच. इथं निदान मुलीला बरोबर आणता येत होतं. खोक्यात चादर घालून तिला बसवायचं आणि तिच्या झोपेच्या हिशोबानं आपण काम करायचं. रविवारी उद्घाटन होतं.

आणि या सगळ्या संग्रहालयात अभ्यासाच्या दृष्टीनं खरं मोलाचं असं जे काही होतं, ते या खणांत होतं. ते मीटरकाकांचे शिंपले.

काकांनी एकतीस वर्षं घरोघरच्या पाण्याच्या मीटरचे आकडे लिहिले. त्यांची फेरी नदीच्या काठाकाठानं जायची. दुपारचा डबा नदीवर. डबा खाल्ला की पाण्यात उतरायचं, मेलेला शिंपला दिसला तर उचलायचा, जिवंताला हात लावायचा नाही. मग मीटरच्या रद्दी कार्डाचा तुकडा फाडून मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं: कुठे, कुठल्या तारखेला, आसपास जिवंत किती. "दुसऱ्या पुलाखाली, डावा काठ, गुडघाभर पाणी. जिवंत बरेच." किंवा, "जिवंत एकही नाही." शाईनं नाही, कारण शाई पाण्यात पसरते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

शिंपल्याची जात मात्र त्यांना ओळखता यायची नाही, म्हणून चिठ्ठीवर जात नव्हती. जात शिंपल्यातच होती. आमच्या नदीत तीन जातींचे शिंपले. त्यातला एक पातळ, हिरवट. पाणी बिघडलं की सगळ्यांच्या आधी तो मरतो. तो खालच्या नदीतून कधी गेला, कुठून गेला, हे सांगणारी दुसरी कुठलीही नोंद कुणाकडे नाही. चिठ्ठी आणि शिंपला शेजारी ठेवले तरच ते कळत होतं. नदीवर काम करणाऱ्या विद्यापीठातल्या बाई रविवारी तेच बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर खालच्या नदीचा सगळा अभ्यास आमच्या मागच्या खोलीतून होणार होता. वरच्या नदीचे खण एक ते सहा. खालच्या नदीचे सात ते पंधरा.

आता माझी चूक. मागच्या खोलीत आम्ही प्रत्येक शिंपला त्याच्या चिठ्ठीसकट स्टँडखाली ठेवून फोटो घ्यायचो. दिवसभर तेच चालायचं, त्यामुळे आमच्या तोंडी नुसतं "काढणं" बसलं होतं. पाचवा काढला का? सहाव्यातल्या चिठ्ठ्या काढून झाल्या? सहावा संपला त्या दुपारी सासूबाईंचा फोन आला की पोरगी तापानं फणफणली आहे. मी निघताना दालनातल्या फळ्यावर, सगळ्यांना दिसावं म्हणून, मोठ्या अक्षरात लिहून गेले:

खण ७ ते १५ : चिठ्ठ्या काढणे बाकी. उद्घाटनाच्या आत.

आमच्या समितीचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर आहेत. त्यांच्या धंद्यात काढणे याला एकच अर्थ आहे.

मी फोन केला आणि ते दहा मिनिटांत आले. माणूस तत्पर आहे, त्याबद्दल वाद नाही. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि चेहऱ्यावर लहान मुलाच्या पुढ्यात खाऊ धरताना असतो तो भाव. सजावटीला बोलावलेल्या दोन मुली किती गुणी आहेत हे त्यांनी आधी सांगितलं. नऊ खण त्यांनी दोन दिवसांत उरकले. शिंपले साबणाच्या पाण्यातून काढले, आकाराप्रमाणे लावले, मखमल डॉक्टरांनी स्वतः आणून दिली. त्या कळकट कपट्यांमुळे सगळं कसं रद्दीच्या दुकानासारखं दिसत होतं, आता बघा.

"आणि घाबरू नका, एकही चिठ्ठी टाकलेली नाही," ते म्हणाले. "मुलींनी मोजून रबर लावलंय. सहाशे चौदा."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. सहाशे चौदा चिठ्ठ्या, पत्त्यांच्या कॅटसारख्या एकावर एक, कडा जुळवून. एखादा गठ्ठा कचऱ्यात गेला असता तर मी रडले असते. हे त्याहून वाईट होतं. शिंपले सगळे होते. चिठ्ठ्या सगळ्या होत्या. कुठली कुणाची, एवढंच गेलं होतं. म्हणजे सगळंच गेलं होतं.

मी म्हटलं की काढणे म्हणजे फोटो काढणे. ते म्हणाले, मग फोटो लिहायचं होतं. फळ्याकडे त्यांनी बोटही दाखवलं नाही, नुसतं पाहिलं. अक्षर माझंच होतं. ते बरोबर बोलत होते, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाचा जितका राग येतो तितका चुकणाऱ्याचा येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो ताई, एवढं काय त्यात? चिठ्ठ्या आहेत, शिंपले आहेत. एकेकाखाली एकेक सरकवून द्या. कोण उचलून बघणार आहे?"

म्हणजे ज्याच्या नशिबात जी येईल ती. चिठ्ठ्या काढण्याचा हा तिसरा अर्थ माझ्या ध्यानातच आला नव्हता.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुमच्या दवाखान्यातल्या सगळ्या कवळ्या मी एका बादलीत ओतते. साबणानं धुते. छान आकाराप्रमाणे लावते. मग तुमच्या पेशंटांना रांगेत बसवून एकेकाच्या तोंडात एकेक सरकवून देते. कोण उचलून बघणार आहे?"

माझा आवाज बराच चढला असावा, कारण उंच छतावरून तो परत आला, आणि खोक्यातली गुंडी ओठ काढून रडायला लागली. मी तिला उचललं. तिच्या मानेला अजून औषधाचा वास होता. तिच्या केसांत नाक खुपसून मी तिथंच उभी राहिले, कारण तोंड मोकळं ठेवलं असतं तर आणखी काय काय बाहेर पडलं असतं. डॉक्टर तिला बघून विरघळले. त्यांनी तिच्या पायाचा अंगठा धरून हलवला आणि मला सांगितलं की तुमची झोप होत नाही, त्यानं असं होतं. मग गेले.

ते वाक्य मी दिवसभर चघळत होते. झोप होत नव्हती हे खरंच होतं.

काकांना सांगायला मी त्यांच्या घरी गेले. चार शब्दांत सांगायचं ठरवलं होतं, चाळीस झाले. काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पायांशी चपला नीट जोडीनं ठेवून, गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी ऐकलं. कुणी केलं ते विचारलं नाही. मी आपण होऊन फळ्यावरचं वाक्य सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "उद्या येतो. हात लागला की आठवेल मला."

गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आम्ही मागच्या खोलीत बसलो. मी एक शिंपला त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते अंगठ्यानं त्याची पाठ चाचपायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे, आणि सांगायचे. हा बंधाऱ्याच्या खालचा. थोरलीची बारावी होती ते वर्ष. हा दुसऱ्या पुलाचा, त्या दिवशी पायात काच गेली होती. हा ना, हा ज्या दिवशी बायकोशी भांडून डबा न घेता निघालो त्या दिवशीचा. भूक लागली होती म्हणून पाण्यात जास्त वेळ होतो. मी गठ्ठ्यातून तशी चिठ्ठी शोधायची. आणि सापडायची! बंधारा, ते वर्ष, सापडलीच. मला रडू यायचं बाकी होतं. गुंडी काकांच्या पायापाशी बसून त्यांच्या चपलेचा अंगठा चावत होती आणि ते तिला न बघता पायानं झुलवत होते.

संध्याकाळपर्यंत तीस झाले. डॉक्टर डोकावून गेले आणि टाळ्या वाजवल्या. म्हणाले, सुटला की नाही प्रश्न, उगाच माझ्या कवळ्या काढल्यात. शनिवारपर्यंत सगळे उरकून टाका.

घरी भांडी घासताना माझ्या मनात आलं ते मला नको होतं. सहाशे चौदा चिठ्ठ्या. त्यात बंधारा दीडशे वेळा असेल, दुसरा पूल शंभर वेळा. काका काहीही म्हणाले असते तरी मला चिठ्ठी सापडलीच असती.

शुक्रवारी सकाळी मी ते तीस शिंपले वेगळे घेतले. आत कडेला मी आदल्या दिवशी पेन्सिलीनं बारीक आकडे घातले होते. काकांना चष्म्यातूनही दिसत नाहीत इतके बारीक. मी ते पिसले आणि नवे म्हणून त्यांच्या हातावर एकेक ठेवले. कालच्याच मायेनं त्यांनी एकेकाची पाठ चाचपली. पायात काच गेलेला दिवस आता दुसऱ्याच शिंपल्यावर आला. थोरलीची बारावी तिसऱ्यावर. मी लिहून घेत होते आणि माझा चेहरा सरळ ठेवत होते. तिसात बारा जुळले. ते बारा खरे आठवले होते की योगानं जुळले होते, हे कळायला काही मार्ग नव्हता.

पंचविसाव्याला ते थांबले होते. एक शिंपला त्यांनी उलटा केला, मग चष्मा काढून डोळ्याजवळ नेला. माझा आकडा त्यांना दिसला असावा. तरी त्यांनी उरलेले पाच सांगून संपवले. मग विचारलं, "किती?"

"बारा."

"परीक्षा घेतलीस माझी."

मी हो म्हटलं. इतका वेळ मी डॉक्टरांवर धुमसत होते, त्या मुलींवर, त्या मखमलीवर. आणि या माणसाच्या तोंडावर हे मीच मारलं होतं. काकांचे कान लाल झाले होते. ते उठले, खिडकीशी गेले, तिथून माझ्याकडे पाठ करून बोलायला लागले, आणि मी त्यांना कधी इतक्या रागानं बोलताना ऐकलं नव्हतं. राग माझ्यावरही होता, पण नुसता माझ्यावर नव्हता.

त्यांनी मीटरचं सांगितलं. घराला कुलूप असलं तर वहीत 'घर बंद' लिहायचं, असा नियम. पण घर बंद जास्त झाली की साहेब ओरडायचे, म्हणून बाकीचे लोक झाडाखाली बसून मागच्या आकड्यावरून पुढचा आकडा बसवायचे. दहाबारा युनिटं इकडेतिकडे, कुणाला कळत नाही. काकांनी एकतीस वर्षांत एकदाही बसवला नाही. त्यापायी बढती गेली, दोन वेळा बदली झाली, बायकोनं ऐकवलं ते निराळंच.

"आणि काल," ते म्हणाले, "काल तुझ्यासमोर बसून मी तीस आकडे बसवले. तेही गोष्टी सांगून."

मी म्हटलं, काका, तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं. ते म्हणाले, त्यामुळे आकडा खरा होतो का? मी म्हटलं, निदान ते बारा तरी ठेवू. मला ते बारा हवेच होते. नऊ खणांत बारा, पण काहीतरी. त्यातले चार पातळ हिरवट होते. दुसऱ्या पुलाखालचे. तेवढे असते तरी बाईंसमोर तोंड उघडता आलं असतं.

"एकही नाही," काका म्हणाले. "बारा पण नाही. लिही, माहीत नाही."

एवढं बोलून ते गेले. गुंडीनं चावून चप्पल ओली केली होती, ती तशीच घातली.

शुक्रवार उरलेला आणि शनिवार आख्खा मी तेच लिहीत होते. सहाशे चौदा चिठ्ठ्या. ठिकाण: माहीत नाही. तारीख: माहीत नाही. आसपास जिवंत: माहीत नाही. छापून घेता आल्या असत्या, पण मला हातानं लिहायच्या होत्या. प्रत्येक वेळी टोचायला हवं होतं. 'घर बंद' लिहायचा मोह झाला होता. पण रिकामा शिंपला आणि घर बंद, लोकांना ते गोड वाटलं असतं, कुणी फोटो घेतला असता. मला कुणाला गोड वाटायला नको होतं. गुंडी झोपली की शंभर व्हायच्या, जागी असली की दहा. एकदा तिनं पेन्सिल ओढून घेतली आणि एका कपट्यावर जोरजोरात गिरगटलं. मी तोही एका शिंपल्याखाली ठेवून दिला. त्या शिंपल्याबद्दल तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

शनिवारी डॉक्टर आले आणि वाचत वाचत पंधराव्या खणापर्यंत गेले. या वेळी ते हसले नाहीत. लोक इथं काहीतरी माहीत करून घ्यायला येणार आहेत, म्हणाले, आणि तुम्ही त्यांना सहाशे वेळा माहीत नाही वाचायला लावणार. हा तुमचा राग आहे, हे शास्त्र नाही. हे खण उद्या बंद ठेवू, वर कापड टाकू. मी म्हटलं, कापड टाकलंत तर मी कापडावर लिहीन. मग ते हळू आवाजात म्हणाले की केंद्रासाठी तुम्हाला ठेवावं असं मीच समितीला पटवलं होतं, लहान मूल असूनही. हे 'असूनही' त्यांनी फार मऊपणे उच्चारलं. मी पुढची चिठ्ठी लिहायला घेतली.

रविवारी माणसं खूप आली. विद्यापीठातल्या बाई सरळ मागच्या खोलीत गेल्या. पहिले सहा खण त्यांनी तासभर पाहिले, भिंग लावून, आणि दोन वेळा "वा" म्हणाल्या. मग सातवा उघडला. एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, आठवा उघडला. डॉक्टर लगबगीनं पुढे झाले आणि जरासा गैरसमज झाल्याचं सांगू लागले. मी मध्येच म्हटलं की गैरसमज नाही. चुकीचं वाक्य मी लिहिलं आणि न विचारता चिठ्ठ्या यांनी वेगळ्या केल्या. बाईंनी मूळच्या चिठ्ठ्या मागितल्या. मी पिशवी दिली. त्यांनी रबर काढून वरच्या पाचसहा वाचल्या, "जिवंत बरेच," "जिवंत बरेच," "जिवंत थोडे," आणि पुन्हा रबर लावलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खालची नदी मग धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "वरची घेऊ."

वरच्या नदीत तिन्ही जातींचे शिंपले अजूनही जगतात. तिथं शोधण्यासारखं काही नाही. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्या गेल्यावर डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "सरकवल्या असत्या तर आज केंद्राला काम मिळालं असतं." खरं होतं तेही. मिळालंच असतं. मला त्यांच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

काका दालनात होते. बाईंचं पाहून झाल्यावर खालच्या नदीचे खण लोकांना दिसावेत म्हणून आम्ही बाहेर मांडले होते आणि ते त्यांच्या शेजारी ताठ उभे होते, तोच इस्त्रीचा शर्ट. खांद्यावर मुलगी घेतलेला एक बाप आला. मुलीनं पातळ हिरवट शिंपल्याकडे बोट दाखवलं. बापानं विचारलं, हा कुठे सापडला हो?

मी बघत होते. त्यांना सांगता आलं असतं. दुसऱ्या पुलाखाली, डावा काठ, गुडघाभर पाणी. त्यांच्या ओठांवर ते आलेलं मला दिसलं.

"माहीत नाही," काका म्हणाले.

बापानं मुलीला सांगितलं की या काकांना माहीत नाही, चल, तिकडे घरटी आहेत. त्याला ते वॉचमन वाटले असावेत. मी पुढे झाले. हा माणूस कोण आहे ते मला त्या बापाला, आणि सगळ्या दालनाला ओरडून सांगायचं होतं. काकांनी हात आडवा केला. मला अडवायला नव्हे, गुंडीला घ्यायला. मी तिला दिली. तिला कडेवर घेऊन ते पुन्हा खणांशेजारी उभे राहिले, पुढच्या माणसानं विचारायची वाट बघत.

दुपारपर्यंत एकोणीस जणांनी विचारलं. एकोणीस वेळा ते तेच म्हणाले, आणि एकदाही आवाज खाली आणला नाही.